५२९ मधून पैसे काढण्याआधी चार हजार बाजूला काढा

अमेरिकेत मुलांच्या कॉलेजसाठी पैसे साठवायचं करसवलतीचं खातं म्हणजे ५२९. फेब्रुवारी लागला, रिटर्न भरायची वेळ आली की ठरलेला फोन येतो. "कॉलेजचा फॉर्म आला, ५२९ वाल्यांचाही आला, दोन्ही कराच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले, तर ते म्हणतंय शिक्षणाचं क्रेडिट शून्य. असं कसं?" उत्तर बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये दडलेलं असतं. ट्यूशनचं बिल आलं, ५२९ मधून तेवढीच रक्कम काढली, भरली, मोकळे झाले. मग सॉफ्टवेअरने विचारलं, "ट्यूशन ५२९ मधून भरली का?" आपण प्रामाणिकपणे "हो" म्हटलं आणि क्रेडिटवर, म्हणजे करातून थेट वजा होणाऱ्या अडीच हजार डॉलरवर, पाणी सोडलं. माझ्या मोठ्या मुलीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. ते पैसे नंतर परत मिळवले, ते कसे ते शेवटी सांगतो.

नियम एवढाच आहे: खर्चाचा एक डॉलर एकदाच मोजायचा. जो डॉलर क्रेडिटसाठी दाखवला, तोच ५२९ ची करमुक्त उचल ठरवताना पुन्हा दाखवता येत नाही. हा हिशेब अख्ख्या वर्षाच्या बेरजेवर होतो. कुठल्या खात्यातून कुठलं बिल गेलं याला त्यात फारसं महत्त्व नाही. घोडं पेंड खातं ते इथेच, कारण बहुतेक जण बिलागणिक विचार करतात.

खालचे आकडे केंद्रीय कराचे आहेत. राज्याचं वेगळं, ते जाता जाता येईल.

१. क्रेडिट आपल्याला लागू आहे का, ते आधी बघा

हे पैसे काढण्यापूर्वी बघायचं, रिटर्न भरताना नव्हे.

क्रेडिटं दोन आहेत. पदवीच्या मुलांसाठी कामाचं ते अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट. पहिल्या २,००० डॉलरच्या खर्चावर पूर्ण आणि पुढच्या २,००० वर पाव, म्हणजे ४,००० च्या खर्चावर जास्तीत जास्त २,५००. यातले १,००० पर्यंत कर शून्य असला तरी हातात येतात. हे क्रेडिट दर विद्यार्थ्यामागे मिळतं, दोन मुलं कॉलेजात असतील तर दोनदा. अट अशी की मुलगा किंवा मुलगी पदवी किंवा तत्सम प्रमाणपत्रासाठी शिकत असावी, वर्षातल्या निदान एका सत्रात किमान हाफ-टाइम असावी आणि वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजची पहिली चार वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

दुसरं लाइफटाइम लर्निंग क्रेडिट: १०,००० पर्यंतच्या खर्चावर २० टक्के, म्हणजे २,०००. हे अख्ख्या रिटर्नला एकच मिळतं, मुलं कितीही असोत, आणि कर शून्याखाली नेत नाही. मास्टर्स करणाऱ्यांना किंवा नोकरी सांभाळून एखादा कोर्स घेणाऱ्यांना उपयोगी. एकाच विद्यार्थ्यासाठी एकाच वर्षी दोन्ही घेता येत नाहीत.

दोन्हींची उत्पन्नमर्यादा सारखी. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं एजीआय (काही वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) १,६०,००० च्या वर गेलं की क्रेडिट कमी होत जातं आणि १,८०,००० ला संपतं. एकट्याने भरणाऱ्यांसाठी ८०,००० ते ९०,०००. नवरा-बायको वेगवेगळं रिटर्न भरत असतील तर दोघांनाही काही नाही.

दोघंही आयटीत असतील तर इथेच दार बंद होतं असं वाटेल. पण एक खिडकी उघडी असते. आईवडिलांनी मुलाला आपल्या रिटर्नवर अवलंबित म्हणून दाखवलं नाही, तर तो स्वतःच्या रिटर्नवर क्रेडिट घेऊ शकतो. त्याला वरचे १,००० रोख सहसा मिळत नाहीत, पण स्वतःचा कर मिटवता येतो. समर इंटर्नशिपमध्ये चांगले पैसे मिळवणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे फायद्याचं पडू शकतं. आईवडिलांचं त्याच्यामागचं ५०० डॉलरचं क्रेडिट जातं, तेव्हा दोन्ही बाजू मांडून बघा. मुलाच्या रिटर्नवर "मला कोणी अवलंबित म्हणून दाखवू शकतं" या चौकटीत खूण तरीही करायचीच. ती राहिली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

सावधान, व्हिसावाले: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएसला आलेले बहुतेक विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी असतात आणि १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म भरतात. त्यांना ही क्रेडिटं सहसा मिळत नाहीत. युनिव्हर्सिटीने १०९८-टी हा फीचा फॉर्म पाठवला म्हणून क्रेडिट मिळतंच असं नाही. रूममेटने घेतलं म्हणून आपणही घेतलं, असं करणारे दरवर्षी भेटतात. चुकीचा दावा बेपर्वाईने केल्याचं ठरलं तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, दोन वर्षं अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट बंद करते, फसवणूक ठरली तर दहा.

एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरची मुलं: २०२६ च्या करवर्षापासून दोन्ही क्रेडिटांसाठी करदात्याचा आणि विद्यार्थ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. आयटिन (तो नंबर नसलेल्यांना मिळणारा करक्रमांक) चालणार नाही. मुलाकडे फक्त आयटिन असेल तर क्रेडिटच्या आशेवर ५२९ मध्ये पैसे अडवून ठेवू नका.

२. खर्चाचे तीन कप्पे करा

एक साधा कागद घ्या, तीन रकाने आखा. माझा अजूनही पिवळ्या लीगल पॅडवर असतो, फ्रिजला चुंबकाने अडकवलेला.

पहिला रकाना, क्रेडिट आणि ५२९ दोन्हीकडे चालणारा खर्च: ट्यूशन, सक्तीची फी, कोर्सला लागणारी पुस्तकं आणि साहित्य. अमेरिकन ऑपर्च्युनिटीसाठी पुस्तकं कुठूनही घेतली तरी चालतात, जुनी ऑनलाइन घेतलेलीसुद्धा. लाइफटाइम लर्निंगसाठी मात्र प्रवेशाची अट म्हणून कॉलेजलाच पैसे द्यावे लागत असतील तरच.

दुसरा रकाना, फक्त ५२९ ला चालणारा: राहणं-जेवणं, तेही मुलगा किमान हाफ-टाइम असेल तर. शिवाय लॅपटॉप आणि इंटरनेट. कोर्ससाठी लॅपटॉप असणं कॉलेजने सक्तीचं केलं असेल तर तो पहिल्या रकान्यात जातो, एरवी इथेच.

तिसरा रकाना, कुठेच न चालणारा: विमानाची तिकिटं, गाडी, पार्किंग, आरोग्य विमा, फोनचं बिल, क्लबची वर्गणी. दिवाळीला घरी यायचं तिकीटही यातच.

कॅम्पसबाहेर भाड्याने राहणाऱ्यांनी एक तपासणी करा. राहण्या-जेवणाचा खर्च ५२९ साठी कॉलेजने आपल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात धरलेल्या रकमेपर्यंतच मोजता येतो. तो आकडा कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाच्या पानावर असतो. त्याची प्रिंट काढून ठेवा, कारण पुढच्या वर्षी पान बदललेलं असतं.

आणि ५२९ भारतातल्या कॉलेजसाठी वापरायचा विचार असेल, तर ते कॉलेज अमेरिकेच्या केंद्रीय विद्यार्थी मदत योजनेत पात्र आहे का ते आधी बघा. नसेल तर उचलीतल्या नफ्यावर कर आणि वर १० टक्के.

३. क्रम: आधी स्कॉलरशिप, मग क्रेडिट, शेवटी ५२९

अख्ख्या लेखातली ही एकच पायरी नीट पाळली तरी काम झालं. बहुतेक घरांत हा क्रम उलटा चालतो: आधी ५२९ रिकामं करायचं, मग उरलंसुरलं क्रेडिटला. वरातीमागून घोडं.

एक उदाहरण घेऊ. स्टेट युनिव्हर्सिटी, वर्षाचा खर्च असा:

ट्यूशन आणि सक्तीची फी १४,०००
पुस्तकं ८००
डॉर्म आणि जेवण १२,०००
लॅपटॉप १,२००
एकूण २८,०००

स्कॉलरशिप ३,०००, करमुक्त.

आधी स्कॉलरशिप वजा: २८,००० मधून ३,००० गेले, उरले २५,०००.
मग क्रेडिटसाठी ४,००० बाजूला: उरले २१,०००.
५२९ मधून या वर्षी करमुक्त काढता येणारी जास्तीत जास्त रक्कम हीच, २१,०००.

बाजूला काढलेले ४,००० पगारातून, बचतीतून किंवा शैक्षणिक कर्जातून भरा. कर्जातून भरलेले पैसेही क्रेडिटला चालतात, आणि ते भरले त्या वर्षी मोजले जातात, कर्ज फेडलं त्या वर्षी नव्हे. पुण्याहून आजोबांनी फीसाठी पैसे पाठवले तरी हरकत नाही. अवलंबित मुलासाठी दुसऱ्या कोणी भरलेली फी आईवडिलांनीच भरली असं करापुरतं धरलं जातं.

तपासणी: पहिल्या रकान्यातून स्कॉलरशिप वजा केल्यावर निदान ४,००० उरतात का? इथे १४,८०० वजा ३,००० म्हणजे ११,८००, भरपूर आहेत. उरत नसतील तर क्रेडिटला उरले तेवढेच धरता येतील.

पेच पडतो तो कम्युनिटी कॉलेजात किंवा स्कॉलरशिप मोठी असते तेव्हा. समजा ट्यूशन ५,००० आणि स्कॉलरशिपही ५,०००. वरवर पाहता क्रेडिटला काही उरत नाही. पण ही स्कॉलरशिप राहण्या-जेवणासाठीही वापरायला परवानगी असेल आणि तेवढा खर्च झालाही असेल, तर त्यातले ४,००० राहण्याला लावले असं मुलाच्या रिटर्नवर उत्पन्न म्हणून दाखवता येतं. मग ट्यूशनचे ४,००० क्रेडिटसाठी मोकळे होतात. मुलाचं बाकी उत्पन्न फारसं नसेल तर त्या ४,००० वर बहुतेकदा कर शून्य, आणि घरी २,५०० येतात. स्कॉलरशिपच्या पत्रात "फक्त ट्यूशनसाठी" असं असेल तर हे विसरा. ते पत्र दोनदा वाचा, मगच ठरवा.

४. कधी काढायचे आणि कोणाच्या नावावर

कॅलेंडर वर्ष सांभाळा. ज्या वर्षी खर्च भरला, त्याच वर्षी ५२९ ची उचल. कॉलेजचं वर्ष ऑगस्टला सुरू होतं, कराचं जानेवारीला, आणि गफलत डिसेंबरात होते. जानेवारीच्या सत्राचं बिल डिसेंबरात येतं. ते डिसेंबरात भरलं तर क्रेडिटला या वर्षात मोजतात, कारण पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या सत्राची फी आधी भरली तर ती चालते. मग त्याची उचलही डिसेंबरातच करा. २८ डिसेंबरला ५२९ मधून पैसे काढले आणि ४ जानेवारीला फी भरली, की उचल एका वर्षात आणि खर्च दुसऱ्या वर्षात.

सावधान: ५२९ मधून पैसे निघून कॉलेजपर्यंत पोहोचायला काही दिवस लागतात. ख्रिसमसच्या आठवड्यावर भिस्त ठेवू नका, १५ डिसेंबरच्या आत आटपा.

नावाचं असं आहे: पैसे थेट कॉलेजला किंवा मुलाच्या खात्यात गेले तर १०९९-क्यू हा उचलीचा फॉर्म मुलाच्या नावावर येतो. आईवडिलांच्या खात्यात घेतले तर त्यांच्या नावावर. चुकून जास्त पैसे निघाले तर त्यातल्या नफ्याचा भाग ज्याच्या नावावर फॉर्म, त्याच्या उत्पन्नात जातो. मुलाचा दर सहसा कमी असतो. म्हणून पैसे मुलाच्या नावावर किंवा थेट कॉलेजला पाठवलेले बरे, असं माझं मत.

सत्राच्या मधेच एखादा कोर्स सोडला आणि कॉलेजने पैसे परत केले, तर ते परत मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत त्याच मुलाच्या ५२९ मध्ये भरा. ६१ व्या दिवशी तो दरवाजा बंद.

५. जानेवारीत फॉर्म आल्यावर

दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. कॉलेजचा १०९८-टी: चौकट १ मध्ये कॉलेजला मिळालेली फी, चौकट ५ मध्ये स्कॉलरशिप. चौकट ७ ला खूण असेल तर चौकट १ मध्ये पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फी आहे. ५२९ चा १०९९-क्यू: चौकट १ एकूण उचल, २ त्यातला नफा, ३ तुमचे मूळ पैसे.

१०९८-टी हा ओबडधोबड आकडा समजा. त्यात बाहेरून घेतलेली पुस्तकं नसतात, आणि चौकट ५ कधी चौकट १ पेक्षा मोठी असते. खरा हिशेब तुमच्या तीन रकान्यांचा आणि विद्यार्थ्याच्या खात्याच्या विवरणाचा. कॉलेजच्या पोर्टलवरून ते विवरण वर्षभराचं उतरवून घ्या. पदवी झाल्यावर कित्येक ठिकाणी लॉगिन बंद होतं.

क्रेडिट फॉर्म ८८६३ वर जातं. त्यात कॉलेजचा ईआयएन, म्हणजे करक्रमांक, लागतो, तो १०९८-टी वर असतो. १०९९-क्यू मधली सगळी उचल तुमच्या २१,००० च्या आत बसत असेल तर त्यातलं काहीही करपात्र नाही.

सॉफ्टवेअरने "५२९ मधून काय भरलं" विचारलं की घाईने ट्यूशन लिहू नका. राहणं-जेवणं आधी, मग लॅपटॉप, मग उरलेली ट्यूशन असं वाटप करा. १४,००० ट्यूशन ५२९ मधून आणि १२,००० डॉर्म खिशातून भरला असला तरीही, कारण वर्षाच्या बेरजेत १४,००० ची उचल २१,००० च्या आतच आहे. क्रेडिट पूर्ण मिळतं, कर शून्य.

पावत्या रिटर्नला जोडायच्या नाहीत, पण घरी निदान तीन वर्षं जपून ठेवा. नोटीस आली तर त्याच लागतात.

६. जास्त पैसे निघालेच असतील तर

पहिली चूक म्हणजे घाबरून क्रेडिट सोडून देणं.

वरच्याच उदाहरणात तुम्ही २१,००० ऐवजी २५,००० काढले, आणि १०९९-क्यू च्या चौकट २ मध्ये नफा १०,००० आहे. पात्र खर्च उचलीच्या ८४ टक्के, म्हणून नफ्यातलाही ८४ टक्के करमुक्त. उरलेला १६ टक्के, म्हणजे १,६००, करपात्र.

फॉर्म मुलाच्या नावावर असेल आणि त्याला दुसरं उत्पन्न नसेल, तर २०२५ साठी त्याची किमान स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) १,३५०. कर उरलेल्या २५० वर, १० टक्क्यांनी २५ डॉलर. फॉर्म तुमच्या नावावर आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या पट्ट्यात असाल, तर ३५२. दोन्ही बाजूला क्रेडिट २,५००. घ्यायचं की नाही, याला कॅल्क्युलेटर लागत नाही.

१० टक्के दंडाची भीती असते, ती इथे नको. उचल केवळ क्रेडिट घेतल्यामुळे करपात्र ठरली असेल तर तो जादा कर माफ आहे. स्कॉलरशिपमुळे ठरली असेल तर तेवढ्यापुरताही माफ. फॉर्म ५३२९ वर अपवाद म्हणून नोंद करायची. सॉफ्टवेअर ती आपणहून करतं असं गृहीत धरू नका, ते पान उघडून बघा.

राज्याचं मात्र तपासा. ५२९ मध्ये पैसे घालताना राज्याकडून वजावट घेतली असेल, तर अपात्र ठरलेल्या उचलीवर काही राज्यं ती परत मागतात.

आणि मुलाचं करपात्र नफ्यासकट एकूण न कमावलेलं (पगाराचं नसलेलं) उत्पन्न २०२५ मध्ये २,७०० च्या वर गेलं, तर वरच्या भागाला आईवडिलांचा दर लागू शकतो. साधारण कुटुंबात तिथवर क्वचितच जातं.

७. चार क्रेडिटं, पाच रिटर्न

हे कोणी सांगत नाही. मूल ऑगस्ट २०२५ ला गेलं आणि मे २०२९ ला पदवीधर झालं, तर त्यात पाच कॅलेंडर वर्षं येतात: २०२५, २६, २७, २८, २९. अमेरिकन ऑपर्च्युनिटी मात्र एका विद्यार्थ्यासाठी चारच वर्षं. म्हणजे एक वर्ष सोडायचंच आहे, ते निवडून सोडा. ज्या वर्षी बोनस किंवा शेअर विकल्यामुळे उत्पन्न १,८०,००० च्या वर जातंय, ते वर्ष आपोआप गळतं. तसं काही नसेल तर ज्या वर्षी पहिल्या रकान्यात ४,००० भरत नाहीत, ते सोडा. सोडलेल्या वर्षी लाइफटाइम लर्निंग लागू होतं का ते बघा. कुठल्या वर्षी घेतलं याची नोंद त्याच पिवळ्या कागदावर ठेवा. पाचव्यांदा दावा केला तर नोटीस येते.

८. मागच्या वर्षी चुकलं असेल तर

मोठीच्या पहिल्या वर्षाचं हेच झालं होतं. ट्यूशन ५२९ मधून, डॉर्म खिशातून, आणि क्रेडिट शून्य. दोन वर्षांनी धाकट्याच्या प्रवेशाच्या वेळी कागद चाळताना लक्षात आलं.

मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत फॉर्म १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरता येतो. मुदतीआधी रिटर्न भरलं असेल तर तीन वर्षं मुदतीच्या तारखेपासून मोजतात. सोबत त्या वर्षाचा फॉर्म ८८६३ जोडायचा, आणि उचलीतला काही भाग आता करपात्र ठरत असेल तर तोही त्याच वेळी दाखवायचा. १०९९-क्यू मुलाच्या नावावर असेल तर तो भाग मुलाच्या रिटर्नवर जातो, म्हणजे कदाचित दोन १०४०-एक्स. आधी त्या वर्षाचे तीन रकाने नव्याने मांडा, ४,००० बाजूला काढून बघा, मगच फॉर्म उघडा. आमचा चेक पाच महिन्यांनी आला, व्याजासकट. त्या व्याजावर पुढच्या वर्षी कर भरायचा असतो, तेवढं लक्षात ठेवा.